टॅपेट तू लावायचीस, कुंदा

कुंदा, तुझ्या शोकसभेत तुला लोणच्याची बाई करून टाकलं.

मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून तुला कापून मोठं केलं होतं. डोळे अर्धवट मिटलेले, वर झेंडूचा हार. एकेक जण उठत होता. एकाला तुझं लिंबाचं लोणचं आठवलं, दुसरीला कैरीचं. सदा हसतमुख, असंही कुणीतरी म्हणालं. तू आणि हसतमुख! तुझ्या फाटकापाशी आला की दूधवाला घंटीसुद्धा दबकत वाजवायचा. मी आमच्या ह्यांच्या शेजारी बसून मुकाट ऐकत होते. गेलेल्या माणसाबद्दल लोक असंच बोलतात, ते चालायचंच.

मग तुझे यजमान उठले. हरकरे भाऊजी. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, “मी गाडीचे टॅपेट लावायला बसलो, की ही न मागता चहा आणून ठेवायची. कधी म्हणून तक्रार केली नाही.”

हॉलभर लोक हळहळले.

मी उठलेच होते. ह्यांनी मनगट धरलं. “बस. ही वेळ नाही.”

“मग कधी आहे वेळ?”

“सुनंदा, बस म्हटलं ना.”

बसले. पण कानशिलं तापली होती आणि नंतर कोण काय बोललं ते एक अक्षर ऐकलं नाही. आणि खरं सांगू? भाऊजींचा राग आला त्याहून जास्त तुझा आला. खोटं ते बोलले, पण त्या खोट्याला खतपाणी घातलं कुणी? तू. उभ्या आयुष्यात त्यांच्या गाडीच्या टॅपेटला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागला नाही, आणि तू मेल्यावर भर हॉलमध्ये तुझ्या हातात चहाचा कप दिला गेला. तिथे तू उत्तर द्यायला नव्हतीस. असतीस तरी दिलं नसतंस. तीच तर माझी तिडीक आहे.

पहिली सकाळ आठवते तुला? मी लग्न होऊन नुकतीच भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत आले होते. माझे बाबा नागपूरहून कचेरीबरोबर भोपाळला आलेले, म्हणून माझं बालपण तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरात गेलं, आणि नवरा कारखान्याच्या भांडारात, म्हणून संसार कारखान्याच्या क्वार्टरात. मधे मेंदीचं कुंपण आणि पलीकडे तू, सांगलीची, नाकावर चष्मा, शब्द मोजून बोलणारी. भोंगा झाला, पुरुष कामावर गेले, तुझी मेघना शाळेत गेली. आणि कुंपणावरून हाक आली, “अगं ए, तुझ्या हातात जोर आहे का?”

मला वाटलं, गोधडी पिळायची असेल.

तू मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलंस. ती तुमची जुनी अँबेसेडर, बॉनेट वर केलेलं. तुझ्या बांगड्या भिंतीतल्या खिळ्याला टांगलेल्या. पदर खोचून तू इंजिनात वाकलीस, आणि मी विचारलं, “हे काय करून राहिली तू?”

“करून राहिली नाही. काय करते आहेस, असं विचार. टॅपेट लावते आहे. हे हँडल धर.”

शेडमधलं तुझं हे पहिलं वाक्य. त्यात तू माझं व्याकरण दुरुस्त केलंस.

इंजिनावरचं पत्र्याचं झाकण तू उचललंस आणि आत आठ लोखंडी हात दिसले, ओळीने, तेलाने चमकणारे. एकेक हात खालचा एकेक व्हॉल्व्ह दाबतो, हे तू सांगितलंस. हात आणि व्हॉल्व्ह यांच्यात जाड कागद जाईल एवढीच फट हवी. फट वाढली की इंजिन टकटक वाजतं. कमी झाली तर आवाज काहीच येत नाही, पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि आतल्या आत जळून जातो. ती फट मोजायला तुझ्याकडे पोलादाची पातळ पट्टी होती, तिला तू फिलर म्हणायचीस. एका हातात पाना, दुसऱ्यात पेचकस, आणि फिलर मधेच कधी दातात, कधी बोटांत. आणि इंजिन पुढून हँडलने थोडं थोडं फिरवायला माणूस हवा. तो माणूस मी.

“अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. कधी हँडल उलटं आलं तर मोडेल,” तू म्हणालीस. “आणि नऊची बेरीज लक्षात ठेव. एक नंबर पूर्ण खाली गेला की आठ नंबर लावायचा. दोन खाली, तर सात. तीन खाली, तर सहा. मी खालचा नंबर सांगेन, तू वरचा सांग. मोठ्याने.”

मी मोठ्याने सांगत गेले. घरी येऊन बघते तर तळहाताला फोड. आणि मी किती खूश होते म्हणून सांगू!

वर्षातून दोन-तीनदा तरी तुझी हाक यायची. नागपूर, नाहीतर सांगलीच्या प्रवासाआधी तर हमखास. गरम इंजिनावर काम करायचं, त्यामुळे तुझ्या मनगटावर कायम चटक्यांचे डाग. बायका विचारायच्या, तू म्हणायचीस, तव्याचे. मी एकदा म्हटलं, “मला दे ना ती पट्टी. कशी लागते बघू दे.”

“तेल लावलेल्या केसांतून बारीक फणी ओढावी तशी लागते. अडकत नाही आणि सुटतही नाही.”

“पण दे तर.”

“तू हँडल मार.”

प्रत्येक वेळी हेच. तू हँडल मार.

आणि एक सकाळ आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही. माझं दुसरं मूल पाचव्या महिन्यात गेलं. घरात बायकांची रीघ. कुणी म्हणे देवाची मर्जी, कुणी म्हणे अजून वय आहे. तू आली नाहीस. मी मनातून तुला शिव्या घालत होते. मग महिन्याने मेंदीवरून तुझी हाक आली, “चल, हँडल मारायचंय.” प्लग तू आधीच काढून ठेवले होतेस, हँडल हलकं जावं म्हणून. मी फिरवत गेले आणि रडत गेले. तू इंजिनातून डोकं वर काढलं नाहीस. नुसतं विचारत राहिलीस. पाच खाली. चार. सहा खाली. तीन. त्या महिन्यात मला उत्तर देता येईल असं काही विचारणारी तू एकटी होतीस. याचे आभार मानायचे राहून गेले. ते आत्ता, याच रागाच्या भरात मानून टाकते, कारण रागाशिवाय मला तुझ्याशी बोलताच येत नाहीये.

रविवारचा तमाशा मात्र मला बघवत नसे. रविवारी क्वार्टरांची सगळी लाइन आपापल्या गाड्या आणि स्कूटर उघडून अंगणात बसायची. भाऊजीही गाडी शेडमधून पुढे आणायचे, बॉनेट वर करायचे आणि आतून नुसतं फडकं फिरवायचे. पलीकडचे चौबेजी कुंपणाला टेकून म्हणायचे, “वाह हरकरे साहब, क्या इंजन रखा है! सुई गिरे तो सुनाई दे.”

“बस, टाइम पे टैपेट करता हूँ,” भाऊजी म्हणायचे.

आणि तू स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. ऐकत. चेहऱ्यावर एक रेघ हलायची नाही.

एका रविवारी मी तडक तुझ्या ओट्यापाशी आले. “हे काय चाललंय? तू का नाही सांगत?”

“काय सांगू?”

“की टॅपेट तू लावतेस.”

“सांगून काय मिळणार?”

“नाव मिळेल.”

“नावाची काय भाजी करू?”

“कुंदा, तुझ्या कामावर तो माणूस मिशीला पीळ देतो!”

“तो माणूस माझा नवरा आहे, सुनंदा. आणि त्यांना मिशी नाही.”

मी हसायला हवं होतं. मी नाही हसले. महिला मंडळाचा कार्यक्रम तेव्हा तोंडावर होता, प्रत्येकीने आपल्या अंगातलं काहीतरी करून दाखवायचं. मी तुला न विचारता तुझं नाव दिलं, ‘मोटारगाडीची देखभाल’. तू मंडळात जाऊन ते खोडून आलीस आणि लिंबाचं लोणचं घालून दाखवलंस. हीच ती तुझ्या लोणच्याची कीर्ती! धड जमायचंही नाही तुला लोणचं. मीठ जास्त पडायचं. पण लोकांनी वाहवा केली आणि तू ती घरी घेऊन आलीस, कारण ती तुला सोयीची होती.

तो सबंध पावसाळा मी तुझ्याशी बोलले नाही. दिवाळीला तुम्ही सांगलीला निघणार होतात. कुंपणावरून हाक आली, “जोर आहे का हातात?” आणि मी आले, बाई. गुमान आले. वाद तिथेच राहिला. पुढे कधीतरी पुरा करू असं मी धरून चालले होते. आणि आता तू साध्या तापाचं निमित्त होऊन आठवड्याभरात गेलीस. असं अर्ध्यावर सोडून जातात का?

तर शोकसभा आटोपली, आणि त्याच संध्याकाळी मी तुझ्या घरी गेले. मेघना आत चुलत्यांना वाढत होती. भाऊजी व्हरांड्यात एकटे.

“भाऊजी, टॅपेट तुम्ही लावायचात?”

त्यांनी वर पाहिलं. “वहिनी, बसा.”

“बसायला नाही आले. टॅपेट कोण लावायचं?”

मांडीखाली दडपलेले हात त्यांनी बाहेर काढले आणि माझ्यापुढे हवेत धरले. कुंदा, पिठाची चाळणी धरल्यासारखे ते हलत होते.

“हे आजचं नाही,” ते म्हणाले. “मेघना अंगावर पीत होती तेव्हापासूनचं आहे. टेकवून ठेवले की राहतात. हवेत धरले की हे असं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. कारखान्यात त्यांचं कामच ते, मोठमोठ्या यंत्रांच्या बेअरिंगमधली फट मोजायची, असल्याच पोलादी पट्टीने. हात कापायला लागले तेव्हा ते हाताखालच्या मुलांकडून माप घेववायचे, स्वतः उभं राहून नजर ठेवायचे. साहेबाला कळलं असतं तर खुर्चीत बसवलं असतं, साइटवर पाठवणं बंद झालं असतं, बढती तर विसराच. आणि आपली लाइन म्हणजे कारखान्याचे कान आणि तोंड. रविवारी सगळे गाड्या उघडून बसलेले असताना हरकऱ्यांची गाडी मेकॅनिककडे जाते, एवढं पुरलं असतं.

“मी तोंडाने सांगितलं, तिने हाताने केलं. पहिल्या उन्हाळ्यातच तिचा हात माझ्या चांगल्या दिवसांतल्या हातापेक्षा बरा झाला. हॉलमध्ये मी तिचं नाव घेणार होतो, वहिनी. तोंडातून सवयीचंच बाहेर पडलं.”

मी म्हटलं, “आणि मला? मी हँडल मारत होते ना तिच्याबरोबर?”

भाऊजी म्हणाले, “मी म्हणायचो तिला, सुनंदावहिनींना तरी सांग. ती म्हणायची, नको. तिच्या पोटात काही राहत नाही.”

कुंदा.

माझं व्याकरण सुधारायचीस ना तू? मग शब्द तरी बघून वापरायचे. माझ्या पोटात काय राहिलं आणि काय नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तुझ्या गाडीपुढे उभी राहून मी ते रडले होते. तू ते ऐकून घेतलंस, आणि तुझ्याकडचं मात्र एक अक्षर मला दिलं नाहीस. भाऊजींचा कप तू नेहमी अर्धाच भरायचीस. मी त्यावरून तुला चिकट म्हणून चिडवलं, तू चिडवून घेतलंस. ते सांडू नये म्हणून होतं, हे मला तुझ्या माघारी, तुझ्या व्हरांड्यात उभं राहून कळावं? नवऱ्याला झाकलंस, ते झाकायला मला पुढे उभं केलंस, आणि मला वाटत राहिलं की मी मैत्रीण आहे.

मी भाऊजींना म्हटलं, “आता सांगा.”

“सांगितलं की.”

“मला नाही. ज्यांच्यासमोर चहा म्हणालात त्यांना सांगा. नोकरीचे चार दिवस उरलेत तुमच्या. आता कोण खुर्चीत बसवणार आहे?”

त्यांनी हात पुन्हा मांडीखाली घेतले. मग म्हणाले, “तेराव्याला सांगतो.”

आणि त्यांनी शब्द पाळला, हे मला मान्य करावं लागेल. तेराव्याच्या जेवणात, पानं उठायच्या आधी, अंगणातल्या मांडवात, सगळी लाइन हजर असताना ते उठले. ह्या खेपेला हात पाठीमागे नव्हते. म्हणाले, “मी त्या दिवशी चुकीचं बोललो. आमच्या गाडीचे टॅपेट मी कधीच लावले नाहीत. कुंदा लावायची. माझे हात कापतात. वर्षानुवर्षं कापतात.” आणि हात पुढे धरले.

मला वाटलं, झालं. फिटलं.

चौबेजी उठले, पुढे झाले आणि त्यांनी भाऊजींना मिठी मारली. “क्या बड़ा दिल है इस आदमी का! सब कुछ भाभीजी के नाम कर दिया.” बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मागून कुणीतरी म्हणालं, धक्काच तसा बसलाय, हात कापणारच. म्हणजे बघ, तुझं कामही पुन्हा त्यांच्याच मोठेपणात जमा झालं.

मी ओरडलेच. “अहो, खरं बोलताहेत ते! हँडल मी मारायचे!”

“हो हो वहिनी,” वाढपी म्हणाला आणि माझ्या पानात आणखी एक लाडू टाकला.

लोकांचं मी समजू शकते. पण मांडव उठल्यावर मेघना मागच्या मोरीत पातेली घासत होती, तिने मान वर न करता विचारलं, “मावशी, बाबांना हे बोलायला तू लावलंस ना? कशाला? हसं झालं त्यांचं.”

“खोटं नाही बोलले ते.”

“आईला गाडीतलं काय कळत होतं गं? ती तर पेट्रोलच्या वासाने नाक धरायची.”

नाक धरायचीस! माझ्यादेखत रॉकेलने कोपरापर्यंत हात धुणारी तू, पोटच्या पोरीसमोर नाक धरायचीस! बाकी सगळ्यांशी केलंस ते एक वेळ गिळलं असतं मी. पण हिलाही लोणचंच देऊन गेलीस?

“ऊठ,” मी म्हटलं. “पातेली राहू दे. उद्या सकाळी शेडमध्ये ये. जुनी साडी नेसून ये.”

ती आली. बहुतेक माझी समजूत काढायला आली असावी, मावशीला वेड लागलं म्हणून. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गाडी सुरू करून गरम केली. छान चालत होती, तू संक्रांतीच्या सुमारास लावलेले टॅपेट होते ते. मी झाकणाचे नट सोडायला लागले तर भाऊजी दारात आले. “चांगली चाललीय, वहिनी. कशाला उघडता?”

“बिघडू दे,” मी म्हटलं.

प्लग काढले आणि मेघनाच्या हातात हँडल दिलं. अंगठा कुठे ठेवायचा ते सांगितलं, नऊची बेरीज सांगितली. झाकण उचललं आणि ती जरा पुढे सरकली. मी व्हॉल्व्ह बघत उभी राहिले.

“पाच खाली,” मी म्हटलं.

“चार,” मेघना म्हणाली. मग जरा थांबून, “तुला हे सगळं कुणी शिकवलं?”

“तुझ्या आईने. तू उभी आहेस तिथे उभं करून.”

त्यानंतर ती हँडल फिरवत गेली, पण तिचा श्वास बदललेला मला ऐकू येत होता.

आणि माझ्या हातात तुझी ती पट्टी. पहिल्यांदा. कुंदा, मला काहीही कळेना. नंबर पाठ, पाने पाठ, कुठला नट कुठल्या बाजूला फिरतो तेही पाठ. पण पट्टी ओढली की वाटे अडकली, पुन्हा ओढली की वाटे सुटली. फट बरोबर झाली म्हणावं तर नट आवळताना स्क्रू फिरायचा आणि सगळं पहिल्यापासून. मनगटाला चटका बसला. फणी कसली आणि केस कसले! इतकी वर्षं तुझ्या शेजारी उभी राहून मी ते बघितलं, आणि बघून बोटांत एवढंसंही आलं नाही. एकदा दिली असतीस हातात. एकदा.

मधेच मेघना थांबली. “मावशी, आईने मला का नाही सांगितलं?”

“मला विचारू नकोस. मलाही नाही सांगितलं तिने.”

“कॉलेजात असताना मी मोटारसायकल शिकते म्हटलं होतं. आठवतं तुला? चार दिवस मी जेवले नव्हते. काय म्हणाली ती माहितीय? मुलींच्या हाताला ग्रीस शोभत नाही.” तिने उघड्या तळहाताने मडगार्डवर एक चापट हाणली, आणि मग आणखी एक. “शोभत नाही म्हणे!”

मी तिला उगी म्हटलं नाही. तू गेल्यापासून माझ्या बरोबरीने तुझ्यावर चिडलेलं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. मला इतकं बरं वाटलं, कुंदा, की मी पाना खाली ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिला जे बोलायचं ते ती बोलत होती. मला जे बोलायचं ते मी. दारात भाऊजी मान खाली घालून दोघींचं ऐकत होते. गेलेल्या बाईला असं बोलू नये, हे तिथे कुणालाच सुचलं नाही.

मग उरलेले व्हॉल्व्ह कसेबसे लावले, प्लग बसवले, झाकण लावलं. मेघनाने चावी फिरवली.

काय वाजली गाडी! डब्यात खिळे घालून कुणी पोराने हलवावेत तशी. पत्र्याची शेड त्याला साथ द्यायला लागली. तुमच्या घरातून असला आवाज ह्या लाइनीने कधी ऐकला नव्हता. एकेका अंगणातून माणसं उठून आली. हातात फडकी, साबणाचं पाणी. चौबेजी कुंपणाशी आले आणि इंजिनाच्या वर ओरडले, “ये क्या हो गया? हरकरे साहब, क्या कर दिया गाड़ी को?”

भाऊजी उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात मेघना गाडीतून उतरली. गालावर काळा ओरखडा, केस सुटलेले. तिने गाडी बंद केली नाही.

“टैपेट लगा रहे हैं, अंकल! आई लगाती थी! हमसे नहीं बन रहा!”

चौबेजींनी तिच्याकडे पाहिलं. माझ्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांकडे पाहिलं. दारातल्या भाऊजींकडे पाहिलं. मग मान तिरकी करून ते त्या आवाजाकडेच लक्ष देऊन ऐकत राहिले, आणि आसपासचे सगळे त्यांच्याबरोबर ऐकत राहिले.

“हाँ,” ते अखेर म्हणाले, जरा हळू. “भाभीजी थीं, तब तो ऐसी नहीं बजती थी.”

कुणी हसलं नाही. कुणी भाऊजींना मिठी मारायला पुढे झालं नाही.

हेच एक वाक्य मला हवं होतं, आणि ते मिळवायला मला तुझी चांगली चालणारी गाडी बिघडवावी लागली. घे. तुला नको असलं तरी घे. तुझा पोराबाळांपासून लपवून ठेवलेला हात आता अख्ख्या लाइनीला माहीत झाला आहे, आणि तो मी उघडा पाडला. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तू बरोबरच ओळखलं होतंस.

माझा राग गेलेला नाही. मेघनाचाही नाही. तिने पुण्याला जायचं लांबवलं आहे, आणि आज सकाळी तिनेच कुंपणावरून हाक मारली. गाडी अजून वाजते. आम्ही रोज झाकण उघडतो, भांडतो आणि पुन्हा लावतो.